पाकिटावर ‘गावरान’ लिहिलंय, पण कोंबडी राहते कुठं?



आधी एक कबुली देते. आपल्या प्रभागसंघातल्या एका गटाच्या अंड्यांच्या खोक्यावर मागच्या वर्षी एक चिठ्ठी लागायची, ‘१०० टक्के गावरान, नैसर्गिक, ताजी अंडी’. ती चिठ्ठी मीच बनवली होती. लॅपटॉपवर बसून, कोंबडीचं छान चित्र शोधून. सगळ्यांना आवडली. पण त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ मी त्या वेळी कुणाला विचारला नव्हता, आणि गटाच्या कोंबड्याही मोजल्या नव्हत्या.

गटात बारा जणी. शहरात सिडकोकडच्या एका वसाहतीत दर आठवड्याला १५० अंडी जायची. भाव पोल्ट्रीच्या अंड्याच्या दुप्पट. हिवाळाभर सगळं सुरळीत चाललं. एप्रिल लागला, ऊन वाढलं, कोंबड्यांनी अंडी कमी केली, काही खुडूक बसल्या. ऑर्डर मात्र तेवढीच. एका ताईनं शहरातून तपकिरी अंड्यांचे दोन ट्रे आणले आणि आपल्या अंड्यांत मिसळले. तिच्या मनात फसवायचं नव्हतं, “ऑर्डर मोडू नये” एवढंच होतं. वसाहतीतल्या बाईंनी खोकं उघडून पाहिलं तर निम्मी अंडी एकाच मापाची, एकाच रंगाची, साच्यातून काढल्यासारखी. त्यांनी फोन केला, फार काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यापासून ऑर्डर बंद.

गटाच्या बैठकीत भांडण झालं ते सांगत नाही. पण एक आजी म्हणाल्या, “मॅडम, अंडं ते अंडं. त्यात काय एवढं?” (मी पंचविशीतली, त्या साठीच्या पुढं, तरी मीच मॅडम. असो.) त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता देते. आपण अंडी-कोंबडी विकतो तशी विकतही घेतो, म्हणून हे दोन्हीकडून समजून घेऊ.

कोंबड्यांचा हिशोब

खरी गावरान कोंबडी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावात फिरणारी, वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. आठ-बारा अंडी दिली की खुडूक बसते, पिल्लं काढते, त्यांना घेऊन हिंडते. पिंजऱ्यातली लेअर कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. खुडूक बसण्याचा गुणच तिच्यातून निवडून निवडून कमी केलाय. या दोघींच्या मध्ये सुधारित जाती येतात. वनराजा, गिरिराजा, कावेरी ही नावं तुम्ही ऐकली असतील. परसात नीट सांभाळल्या तर त्या वर्षाला १०० ते १५० अंडी देतात. आपल्या शहरात शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, बऱ्याच जणींकडची पिल्लं अशाच ठिकाणांहून आलेली असतात.

आता आपल्या त्या गटाचं गणित बघा. बारा जणींच्या मिळून ११० कोंबड्या. सगळ्या शुद्ध गावरान धरल्या आणि एकीनं वर्षाला ६० अंडी दिली, तर वर्षाची ६,६०० अंडी. बावन्न आठवड्यांनी भागलं तर आठवड्याला १२७. त्यातून घरच्या लेकरांना खायला, रवणावर ठेवायला, फुटली-सडली ती वेगळी. मग १५० ची ऑर्डर ‘१०० टक्के गावरान’ म्हणून जाणार कशी? प्रत्यक्षात निम्म्या कोंबड्या सुधारित जातीच्या होत्या, म्हणूनच हिवाळ्यात ऑर्डर निभावली. म्हणजे ते दोन ट्रे यायच्या आधीपासूनच माझी चिठ्ठी चुकीची होती.

हेच गणित बाजारातही करता येतं. एखादा दुकानदार रोज ३०० ‘गावरान’ अंडी विकतो म्हणाला, तर त्याला वर्षाला एक लाखाच्या वर अंडी लागतात. त्यासाठी १,८०० हून जास्त गावरान कोंबड्या पाहिजेत. घरटी दहा धरल्या तरी १८० घरं झाली. “कोणत्या गावांतून गोळा करता, भाऊ?” एवढंच विचारायचं. ज्याच्याकडं खरा माल आहे तो गावांची नावं धडाधड सांगतो, आणि “उन्हाळ्यात एवढी मिळत नाहीत” हेही सांगतो.

रंगावर जाऊ नका

तपकिरी टरफल म्हणजे गावरान, हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित लेअर जाती आहेत, त्याही हजारोंनी पिंजऱ्यात राहतात. आपल्या गावरान कोंबड्यांची अंडी तर एका घरात फिकट मातकट, दुसऱ्या घरात जवळजवळ पांढरी. लहान-मोठी, एखादं लांबुळकं. खोक्यातली सगळी अंडी एकसारखी दिसली तर तिथं शंका घ्यायची. वसाहतीतल्या बाईंनी नेमकं तेच पाहिलं होतं.

पांढरं अंडं चहाच्या पाण्यात किंवा रंगात बुडवून विकतात, हेही होतं. त्यावर मोबाईलवर एक उपाय फिरतो, लिंबू किंवा व्हिनेगर चोळा, रंग गेला तर नकली. हा उपाय धरू नका. खऱ्या तपकिरी अंड्याचा रंगही टरफलाच्या वरच्या थरात असतो आणि आंबटानं तोही सुटतो. यात एखादी प्रामाणिक बाई खोटी ठरायची. साध्या ओल्या फडक्यानं पुसल्यावर बोटांना रंग लागला किंवा टरफलावर डाग-ओघळ दिसले, तर मात्र विचारा.

बलकाचंही तसंच आहे. गर्द केशरी बलक हिरवा पाला, मका खाल्ल्यानं येतो, पण खाद्यात झेंडूच्या फुलांचा अर्क घालूनही येतो. परसातल्या कोंबडीचा बलक पावसाळ्यात गडद आणि मे महिन्यात फिका असतो, कारण मे महिन्यात आपल्याकडं हिरवं उरतंच कुठं? आणि पोषणाचं म्हणाल तर टरफलाच्या रंगानं काही फरक पडत नाही. पोल्ट्रीचं पांढरं अंडंही चांगलं अन्न आहे. गरोदर बाईला, लेकराला ते द्या, बिनधास्त द्या. महाग अंडं परवडत नाही म्हणून अंडंच बंद केलं, असं कुणी करू नका.

मग जास्तीचा पैसा कशाचा?

आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. पैसा चवीचा असतो, आपल्या गावात राहणाऱ्या पैशाचा असतो, आणि कोंबडी कशी जगली याचाही असतो. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी झेरॉक्सच्या ए-फोर कागदाहूनही कमी जागा येते. एक ए-फोर कागद घ्या आणि त्यावर आपली कोंबडी उभी करून बघा. पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, अंडं घालायला आडोसा नाही. एकमेकींना टोचू नये म्हणून चोचीचं टोक कापतात. भारताच्या विधी आयोगानं २०१७ साली आपल्या २६९ व्या अहवालात याच गोष्टीवर, कोंबड्यांना ठेवण्याच्या आणि नेण्याच्या पद्धतीवर, सुधारणा सुचवल्या आहेत.

युरोपातल्या देशांत अंड्यावरच शिक्का असतो, त्यातला पहिला आकडा कोंबडी कशी राहते ते सांगतो. ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे बाहेर मोकळी फिरणारी, २ म्हणजे शेडमध्ये पण पिंजऱ्याबाहेर, ३ म्हणजे पिंजऱ्यातली. तिथली बाई दुकानात अंडं उचलून बघते आणि ठरवते. आपल्याकडं असा आकडा नाही. त्यामुळं आपल्याला पाकीट वाचायला आणि विचारायला शिकावं लागतं.

पाकीट कसं वाचायचं

समोरची बाजू जाहिरातीची, मागची बाजू कामाची. पाकीट उलटं करा.

तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. आधी तिथं गोल ठिपका असायचा, २०२० च्या लेबलच्या नियमांत त्याचा त्रिकोण झाला. शाकाहारीचा हिरवा गोल तसाच आहे. मग वजन किंवा नग, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, कसं साठवायचं ते. चिकनवर ‘उणे १८ अंशांवर ठेवा’ लिहिलेलं असेल आणि दुकानात ते नुसतंच बर्फाच्या पाण्यात पडलेलं असेल, तर शेवटची तारीख कितीही लांबची असो, घेऊ नका. ती तारीख उणे १८ धरून लिहिलेली असते.

त्यानंतर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा १५. तिथं ०० असेल तर परवाना केंद्राचा. हा नंबर धंदा नोंदलेला आहे एवढंच सांगतो, कोंबडी कशी वाढली ते सांगत नाही. पुष्कळ जणी नंबर दिसला की ‘सरकारनं पास केलेलं’ म्हणतात, तसं नाही.

समोरच्या मोठ्या शब्दांपैकी काहींना कायद्यात अर्थ आहे. ‘ताजं’ हा शब्द धुणं, चिरणं, थंड ठेवणं यापलीकडं फारशी प्रक्रिया न केलेल्या वस्तूलाच चालतो. ‘नैसर्गिक’ म्हणायचं तर त्यात वरून काही घातलेलं नसावं, म्हणजे हा शब्दही कोंबडीच्या राहण्याबद्दल काही बोलत नाही. ‘सेंद्रिय’ लिहायचं तर प्रमाणपत्र लागतं आणि ‘जैविक भारत’चं चिन्ह बघायचं. अ‍ॅगमार्कच्या अंड्यांवर लहान, मध्यम, मोठं असं लिहितात, ते वजनावर ठरतं. मध्यम म्हणजे ४५ ते ५२ ग्रॅम. आपलं गावरान अंडं बहुतेक वेळा त्याहून लहान भरतं.

आणि ‘गावरान’, ‘देशी’, ‘फार्म फ्रेश’? या शब्दांमागं ‘सेंद्रिय’सारखं प्रमाणपत्र नाही. लिहिणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, नाहीतर विचारायचं. कडकनाथचं बघा. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, नावाला भाव आला. पुढच्याच वर्षी सांगली-कोल्हापूरकडं कडकनाथ पाळण्याच्या योजनेत पैसे बुडाल्याच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. कोंबडी खरीच होती, पण नावाभोवती उभं केलेलं गणित पोकळ होतं.

‘हार्मोन नाही’ असंही काही पाकिटांवर असतं. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. ब्रॉयलर ३५-४० दिवसांत दोन किलोची होते ती निवडक पैदास आणि खाद्यामुळं, इंजेक्शनामुळं नव्हे. खरा प्रश्न प्रतिजैविकांचा आहे, त्याकडं पुढं येते.

जिवंत कोंबडी घेताना

शहरात जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जा किंवा गावच्या आठवडी बाजारात, ‘गावरान’ म्हणून तीन-चार प्रकार समोर येतात. एक खरी गावरान, तिला दीड किलो भरायला पाच-सहा महिने लागतात. दुसरी रंगीत क्रॉस, दिसायला गावरान, पण शेडमध्ये अडीच-तीन महिन्यांत तयार झालेली. तिसरी जास्त फसवी, अंडी संपलेली लेअर. पिंजऱ्यातून काढून स्वस्तात विकतात, तपकिरी असली की गावरान म्हणून खपते. तिची चोच बघा, टोक बोथट, कापलेलं असतं. मानेचे-शेपटीचे पीस झिजलेले असतात, नखं वाढलेली असतात, कारण ती मातीवर चाललेलीच नसते. परसातल्या कोंबडीची चोच अणकुचीदार, पाय खरबरीत, नखं झिजलेली.

आजारी तर नाही ना, तेही बघायचं. डोळे टक्क उघडे हवेत, तुरा लाल, नाक कोरडं, मागची बाजू स्वच्छ. मान टाकून, पिसं फुगवून बसलेली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, आणि घरच्या कोंबड्यांत तर अजिबात सोडू नका.

एक गोष्ट आपण सगळ्या करतो, मीही लहानपणी केलीय. पाय बांधून, उलटं लटकवून, मोटरसायकलच्या हँडलला. प्राण्याला त्रास होईल अशा रीतीनं नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी फडफडून मांसात रक्त साकळतं, पंखाचं हाड मोडतं. डालगं किंवा भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका न्या. गटात दहा डालगी करून घेतली तर वर्षानुवर्षं पुरतात.

आपण विकतो तेव्हा

इथं जरा कडक बोलते. दुकानदाराला प्रश्न विचारायचे असतील तर आपली वही आधी नीट पाहिजे.

पहिलं औषधाचं. कोंबडीला किंवा शेळीला प्रतिजैविक दिलं की त्याचा अंश काही दिवस अंड्यात, दुधात, मांसात उतरतो. औषधाच्या बाटलीवर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर देशाचा औषध नियम सांगतो, अंडी आणि दूध कमीत कमी ७ दिवस, मांस कमीत कमी २८ दिवस विकायचं नाही. कोलिस्टिन नावाचं औषध तर अन्नासाठीच्या जनावरांना द्यायला २०१९ पासून बंदी आहे, कारण माणसाच्या गंभीर आजारात ते डॉक्टरांचं शेवटचं हत्यार असतं. दुकानातून ‘ती पिवळी पुडी द्या’ म्हणून आणू नका. पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा, तारीख वहीत लिहा. मानमोडीची लस वेळेवर दिली तर निम्मी औषधं लागतच नाहीत.

दुसरं, ऊन. परसातल्या कोंबड्यांत कोंबडा असतो, म्हणून अंडी बहुधा फळलेली असतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये घरातही एवढं गरम असतं की अंड्यात जीव धरायला लागतो आणि ग्राहकानं फोडलं की लाल शिरा दिसतात. मग ती म्हणते, अंडं खराब. उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोनदा उचला, ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात किंवा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा, दोन-तीन दिवसांत पोहोचवा. अंधारात मोबाईलच्या बॅटरीवर धरून बघा, जाळं दिसलं तर ते अंडं बाजूला. आणि अंडी धुवू नका. टरफलावर नैसर्गिक थर असतो, तो धुतला की जंतूंना वाट मिळते. कोरड्या फडक्यानं पुसा.

तिसरी चिठ्ठी. जात आणि राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच लिहा. गिरिराजा परसात फिरत असेल तर त्यात लपवण्यासारखं काय आहे? ‘सुधारित जात, परसात मोकळी पाळलेली’ असं लिहा. गटाच्या नावानं पाकीट करून विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. छोट्या व्यवसायाची फी वर्षाला १०० रुपये आहे, अर्ज ऑनलाईन होतो. एखादीनं कागद घेऊन यावं, मी भरून देते.

त्या गटानं जुन्या चिठ्ठ्या चुलीत घातल्या. नवी चिठ्ठी साधी आहे, चित्रसुद्धा नाही. गावाचं नाव, गटाचं नाव, नोंदणी नंबर, नग, गोळा केल्याची तारीख, आणि खाली दोन चौकोन, ‘गावरान’ आणि ‘सुधारित’, जे असेल त्यावर टिक. एक ओळ आजींनी सांगितली म्हणून घातली, “उन्हाळ्यात अंडी कमी मिळतील.” ट्रे आणणारी ताईच आता अंडी मोजून घेते आणि वहीत लिहिते. वसाहतीतल्या बाईंकडं मी आणि ती दोघी गेलो, काय झालं ते सांगितलं. त्यांनी लगेच काही हो म्हटलं नाही. तीन आठवड्यांनी ६० अंड्यांची ऑर्डर आली, १५० ची अजून नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना घरातलं, दुकानातलं, कशाचंही रिकामं पाकीट घेऊन या. अंड्याचा खोका, चिकन मसाल्याची पुडी, बिस्किटाचा कागद, काहीही चालेल. चष्मा लागतो त्यांनी चष्मा आणा, मागची अक्षरं फार बारीक असतात.